कोर्टाचा कागद आपल्या हाती
(कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



काल दिवसभर आपण तलाक, पोटगी, बहुपत्नीत्व अशा मोठ्या विषयांवर बोललो. त्यांच्यापुढे मला नेमून दिलेला विषय रुक्ष वाटेल. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कोर्टात आपल्या माणसाच्या प्रकरणाचे कागद कसे शोधायचे आणि त्यांची नक्कल कशी काढायची, एवढेच मला सांगायचे आहे. पण मदत केंद्रावर बसणाऱ्या कुणालाही विचारा, रोजचे काम इथेच अडते. बाई येते आणि म्हणते, "ताई, माझा निकाल लागलाय म्हणे." कधी लागला? माहीत नाही. काय लागला? वकीलसाहेबांना ठाऊक. नंबर काय? तो मामूंच्या डायरीत आहे, आणि मामू मालेगावला गेलेत.

निकाल लागणे ही एक गोष्ट आणि त्या निकालाची नक्कल आपल्या पिशवीत असणे ही दुसरी. या दोहोंमधल्या अंतरात आपल्या बायकांचे किती पैसे बुडतात, ते आधी हिशेबानेच पाहू.

फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ आपल्याला पाठ आहे. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आले. शाहबानो खटल्याचा १९८५ चा निकाल, त्यानंतर झालेला १९८६ चा कायदा, २००१ चा डॅनियल लतिफी निकाल असा लांबचा प्रवास करून १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले, की तलाकशुदा मुस्लिम स्त्रीलाही कलम १२५ खाली पोटगी मागता येते. हक्क शाबूत आहे. पण त्याच कलमात एक छोटी अट आहे. पोटगीची रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला नाही, तर तेवढ्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. समजा, दरमहा ३,००० रुपयांचा आदेश झाला, नवऱ्याने एक पैसाही दिला नाही आणि बाई तीन वर्षांनी वसुलीला गेली. थकबाकी १,०८,००० रुपये. वॉरंट मात्र शेवटच्या बारा महिन्यांचे, म्हणजे ३६,००० रुपयांचे. उरलेले ७२,००० रुपये या वाटेने मिळत नाहीत. तिच्या बाजूने निकाल देणारा न्यायाधीश होता, कायदा होता, आदेशही होता. तिच्या हाती आदेशाची नक्कल तेवढी नव्हती.

म्हणून पहिली गोष्ट. कागद शोधायचा म्हणजे आधी कोर्ट कोणते ते ठरवायचे. तालुक्याच्या गावी बहुधा एकाच इमारतीत, आणि पुष्कळदा एकच न्यायाधीश दोन कामे पाहतो. दिवाणी दाव्यात तो दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर असतो आणि फौजदारी प्रकरणात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी. त्यावर दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर आणि त्यावर जिल्हा व सत्र न्यायालय. जिथे कौटुंबिक न्यायालय आहे, तिथे पोटगीचे प्रकरण तिकडे जाते. म्हणून बाईला "कोणत्या कोर्टात?" असे विचारू नका, ती गावाचे नाव सांगेल. "कुठल्या इमारतीत जायचीस, कोणत्या मजल्यावर, पोलीस लोक दिसायचे का, नवरा तुरुंगात जाईल असे कुणी म्हणाले होते का?" असे विचारा. त्यावरून कळते.

दुसरी गोष्ट, नंबर. नंबराच्या आधीची अक्षरे वाचायला शिका. रे.मु.नं. म्हणजे रेग्युलर मुकदमा नंबर, साधा दिवाणी दावा. इंग्रजी कागदावर तोच आर.सी.एस. होतो. स्पे.मु.नं. म्हणजे मोठ्या रकमेचा किंवा खास स्वरूपाचा दावा, वरिष्ठ स्तराकडचा. आर.सी.सी. आणि एस.सी.सी. हे फौजदारी खटले. रे.द. म्हणजे दरखास्त, हुकूमनामा मिळाल्यानंतर त्याच्या अंमलबजावणीसाठी केलेला अर्ज. कौटुंबिक न्यायालयात पोटगीच्या अर्जाला 'ई' याचिका म्हणतात आणि त्या 'ई'चा संगणकाशी काही संबंध नाही. एकाच बाईचे तीन-चार नंबर असू शकतात: पोटगीचा एक, कौटुंबिक हिंसाचाराचा एक, ४९८-अ चा एक आणि वसुलीचा आणखी एक. वसुलीचा नंबर घेऊन मूळ आदेश शोधला तर सापडत नाही, आणि मग बाईला वाटते आपली फाइल गहाळ केली.

या सगळ्यांवर उपाय म्हणून आता सी.एन.आर. क्रमांक आहे. ई-कोर्ट्‌स प्रकल्पात प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-आकड्यांचा एक क्रमांक मिळतो. पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग दोन आकडे न्यायालयाचे, सहा आकडे प्रकरणाचे आणि शेवटचे चार वर्षाचे. एका न्यायाधीशाकडून दुसऱ्याकडे प्रकरण गेले तरी तो बदलत नाही. ई-कोर्ट्‌सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये तो टाकला की पुढची तारीख, आजवरच्या तारखा, कोण हजर होते, अर्ज कोणते झाले आणि अनेक प्रकरणांत आदेशही दिसतात. पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही. आपल्याकडे आलेल्या प्रत्येक बाईच्या फाइलवर, वर डाव्या कोपऱ्यात, हा क्रमांक लिहिलेला हवा.

पण नंबरच नसेल तर? मग नावाने शोधायचे, आणि इथे आपल्या समाजाची खास पंचाईत होते. जिल्हा, न्यायालय संकुल आणि वर्ष निवडून नाव टाकावे लागते. 'शेख' टाकले तर यादी संपत नाही. शिवाय रोमन लिपीत शेख चार तऱ्हेने लिहितात, सय्यद पाच तऱ्हेने. कुठे 'बी' जोडलेले, कुठे सुटे. कुठे 'बानो', कुठे 'बेगम'. माहेरच्या बाजूने अर्ज केला असेल तर वडिलांचे नाव, नाहीतर नवऱ्याचे. तांबोळी, आत्तार, बागवान, मुजावर ही आडनावे कधी लावलेली असतात, कधी गाळून नुसते शेख केलेले असते. यावर माझी साधी पद्धत अशी आहे. आडनावाने शोधू नका. दोन पक्षांपैकी ज्याचे नाव कमी प्रचलित, त्याच्या नावाची पहिली चार-पाच अक्षरे टाका. सासू, दीर, नणंद प्रतिवादी असतील तर त्यांच्या नावाने पाहा. वर्ष एक मागे, एक पुढे करून पाहा, कारण बाई सांगते ते बहुधा भांडणाचे वर्ष असते, दाखल केल्याचे नव्हे. 'प्रलंबित' आणि 'निकाली' दोन्ही पाहा. वकिलांच्या नावानेही शोधता येते. पोलीस प्रकरण असेल तर पोलीस ठाणे, गुन्हा नंबर आणि वर्ष टाकून थेट पोचता येते.

एक सवय आपण सगळ्यांनी लावून घ्यावी. नांदत नसलेल्या बाईचे नाव तिने काही दाखल केले नसले तरी अधूनमधून शोधा. नवऱ्याने नांदायला येण्यासाठी दावा टाकलेला असतो, नोटीस सासरच्या पत्त्यावर जाते, बेलिफाचा अहवाल 'घेण्यास नकार' असा येतो आणि एकतर्फी हुकूमनामा होतो. पुढे पोटगीच्या प्रकरणात तोच हुकूमनामा तिच्यापुढे ठेवतात. असा हुकूमनामा रद्द करून घेता येतो, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९ नियम १३ खाली. मुदत तीस दिवसांची, आणि समन्स रीतसर बजावलेच नसेल तर ते तीस दिवस तिला कळले त्या दिवसापासून मोजतात. कधी कळले हे तिला सांगता आले पाहिजे. म्हणून शोध घेतला तो दिवस वहीत लिहा.

आता संगणकाच्या आधीच्या प्रकरणांविषयी. मशिदीची जागा, कब्रस्तानची हद्द, इनाम जमीन, आजोबांचे वाटप ही प्रकरणे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची असतात. त्यांचा माग कोर्टाऐवजी तलाठ्याच्या दप्तरात लवकर लागतो. सातबाऱ्यावरचा फेरफार क्रमांक घ्या आणि तो फेरफार काढा. कोर्टाच्या हुकूमनाम्याने नोंद झाली असेल तर फेरफारात कोर्टाचे नाव, मुकदमा नंबर आणि तारीख लिहिलेली असते. तो नंबर घेऊन कोर्टाच्या अभिलेख कक्षात जायचे. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार महसूल खात्याने स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवले आहेत. मराठवाड्यात एक पायरी वाढते. १९४८ पर्यंत तो भाग निजामाच्या हैदराबाद राज्यात होता आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, त्यामुळे त्या काळचे निकाल, मुंतखब हे उर्दूत, घसटत्या हस्ताक्षरात असतात. आपल्या मोहल्ल्यात ते वाचू शकणारे बुजुर्ग आहेत. ते आहेत तोवर त्यांच्याकडून वाचून घ्या. पश्चिम महाराष्ट्रात तेच काम मोडी वाचणाऱ्यांचे.

आणि फार उशीर करू नका. कोर्टातला प्रत्येक कागद कायम ठेवत नाहीत. जुने कागद नष्ट करण्यासाठी १९१७ पासूनचा कायदा आहे आणि उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे कागदांची वर्गवारी होते. निकालपत्र आणि हुकूमनामा दीर्घकाळ टिकतो, मात्र साक्षी, अर्ज, किरकोळ कागद ठरावीक मुदतीनंतर काढून टाकतात. आपण दाखल केलेले मूळ कागद, निकाहनामा, दागिन्यांच्या पावत्या, अपिलाची मुदत संपल्यावर अर्ज करून परत घ्यावेत.

आता नक्कल. संकेतस्थळावरून उतरवलेला आदेश वाचायला चांगला, पण पोलीस ठाण्यात, तहसीलमध्ये, बँकेत, वरच्या कोर्टात चालते ती प्रमाणित नक्कल. ती मागणे हा उपकार मागणे नव्हे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ७५ मध्ये, पूर्वीच्या पुरावा कायद्याच्या कलम ७६ मध्ये, सार्वजनिक दस्तऐवजाची प्रमाणित प्रत फी भरून देण्याची तरतूद आहे. निकालपत्राची आणि हुकूमनाम्याची नक्कल पक्षकाराला द्यावी, असे दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते. फौजदारी निकालाने ज्याच्यावर परिणाम होतो त्याला नक्कल द्यावी, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४०४ सांगते. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा आदेश तर दोन्ही बाजूंना मोफत द्यायचा असतो, तसे कलम २४ मध्ये लिहिले आहे. ते कलम अर्जात लिहा.

अर्ज मराठीत चालतो. त्यात कोर्टाचे नाव, प्रकरणाचा नंबर, पक्षकारांची नावे, आपण कोण (वादी, प्रतिवादी, अर्जदार), कोणता कागद हवा, त्याची निशाणी आणि तारीख, साधी नक्कल की तातडीची, पत्ता आणि सही, एवढे हवे. वर कोर्ट फीचा स्टॅम्प. नक्कल विभागात देऊन पोच घ्या. वकील बदलला, वकील भेटत नाहीत, त्यांची फी राहिली आहे, यातल्या कशानेही तुमचा हा हक्क जात नाही. बाईने स्वतः सही करून अर्ज द्यायचा. वकिलांना दोष देण्यासाठी मी हे म्हणत नाही. शंभर फाइली सांभाळणाऱ्या माणसावर एकाच कागदाचा भार टाकू नये, इतकेच.

नक्कल मिळाली की तिच्या शेवटी मारलेला शिक्का पाहा. अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, या तारखा त्यावर असतात. दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करायला तीस दिवस असतात, आणि नक्कल तयार व्हायला लागलेला काळ मुदतीतून वगळला जातो. पण तो वगळून हवा असेल तर अर्ज वेळेत केलेला असला पाहिजे. दोन महिन्यांनी केलेल्या अर्जाचा उपयोग नाही.

पुष्कळदा माणसे विचारतात, माहितीच्या अधिकारात मागू का? नको. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये ठरवले आहे, की न्यायालयीन नोंदींच्या नकला न्यायालयाच्या नियमांनीच घ्यायच्या. पक्षकार नसलेल्या माणसालाही नक्कल मागता येते, पण त्याला कारण लिहून द्यावे लागते आणि न्यायालयाची परवानगी लागते. म्हणून आपण कार्यकर्त्यांनी आपल्या नावाने अर्ज करू नये. बाईच्या नावाने करावा, तिला बरोबर न्यावे.

कोणत्या नकला काढायच्या? निकालपत्र तर हवेच. त्याखेरीज तीन गोष्टी सांगते. एक, रोजनामा. प्रत्येक तारखेला काय झाले, कोण गैरहजर होते, ते त्यात असते. "मी दर तारखेला जाते, तोच येत नाही" हे तोंडाने सांगण्यापेक्षा रोजनामा पुढे ठेवला की पुरते. दोन, नवऱ्याचे मिळकतीचे शपथपत्र. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचे शपथपत्र द्यायचे असते. पगारपत्रक, घर, गाडी, कर्ज सगळे त्यात येते. वसुलीच्या वेळी कोणती मिळकत जप्त करायची, ते शोधायला दुसरीकडे जावे लागत नाही. तीन, नवऱ्याचे म्हणणे, म्हणजे कैफियत. हे विशेष महत्त्वाचे आहे. पोटगीच्या अर्जाला उत्तर देताना नवरा लिहितो, "मी हिला अमुक तारखेला तलाक दिला आहे." सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या शमीम आरा निकालात आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातील पूर्णपीठाने सांगितले, की असे कैफियतीत लिहून टाकले म्हणजे तलाक झाला असे होत नाही, तलाक कसा दिला, ते पुराव्याने शाबीत करावे लागते. २०१७ च्या शायराबानो निकालाने एका दमातला तिहेरी तलाक रद्दबातल ठरला आणि २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला. म्हणजे नवऱ्याने स्वतः सही करून कोर्टात दिलेले ते म्हणणे आणि त्यावरची तारीख हा बाईच्या बाजूचा पुरावा ठरू शकतो. फाइलमध्ये ते पडून असते आणि आपण त्याची नक्कल काढत नाही.

जमातीच्या कागदाविषयीही बोलले पाहिजे. जमातीने समेट घडवून आणला, लिहून दिले, ते आनंदाने घ्या आणि जपून ठेवा. पण तो कोर्टाचा आदेश नव्हे. फतव्याला कायद्याचे बंधन नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटले आहे. स्त्रीला १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याखाली कोर्टातून घटस्फोट घेता येतो आणि तिथे तिला हुकूमनामा मिळतो. दुसरे लग्न, मुलांची शाळा, पासपोर्ट, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, अशा प्रत्येक ठिकाणी तो दाखवता येतो.

पुरुषांसाठीही एक गोष्ट. वीस वर्षांचा असताना दंगलीच्या किंवा हाणामारीच्या गुन्ह्यात नाव आले, खटला चालला, निर्दोष सुटला. पुढे नोकरीच्या पोलीस पडताळणीत तो जुना गुन्हा नंबर पुन्हा निघतो. सुटल्याच्या निकालपत्राची नक्कल घरात असेल तर दहा मिनिटांत प्रश्न मिटतो. नसेल तर नेमणूक लांबते. आपल्या मोहल्ल्यातल्या प्रत्येक सुटलेल्या मुलाला सांगा, पेढे नंतर वाट, आधी नकलेचा अर्ज दे.

खर्चाचे काय? विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत विधी सेवा मिळते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा प्राधिकरण आहे, तालुक्याला तालुका समिती आहे, मदतीचा फोन १५१०० आहे. बऱ्याच न्यायालयांत ई-सेवा केंद्रेही आहेत. तिथे तारीख, नंबर आणि नकलेची माहिती मिळते.

शेवटी एक ताकीद, आपल्यालाच. ज्या दाराने आपण आपल्या बाईचा आदेश शोधतो, त्याच दाराने शेजाऱ्याचे भांडणही दिसते. ते पाहून रिश्ता मोडायचा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायचे, हे आपल्या केंद्रात चालणार नाही. दाखल प्रकरण म्हणजे शाबीत गुन्हा नव्हे, आणि एकाच नावाची दहा माणसे असतात. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हाच आहे. अशा आणि कौटुंबिक प्रकरणांतले आदेश संकेतस्थळावर पुष्कळदा दिसत नाहीत, ते योग्यच आहे. तिथे फाइलपर्यंत जायचे ते त्या बाईला बरोबर घेऊन.

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंबरोबर सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला, तेव्हा त्या कायदा मागत होत्या. त्यांनी मागितले त्यातले सगळे अजून मिळालेले नाही आणि ते मागणे आपण सोडलेले नाही. पण जे मिळाले आहे ते वर्षाची मुदत उलटून जाऊ देऊन घालवणे आपल्याला परवडणार नाही.

माझी विनंती एवढीच. शिबिरातून गेल्यावर आपापल्या केंद्रातल्या जुन्या फाइली काढा. प्रत्येकीवर सी.एन.आर. क्रमांक लिहा. आदेशाची प्रमाणित नक्कल आहे का, ते पाहा, आणि शेवटची पोटगी कधी मिळाली ती तारीख लिहा. ज्या फाइलीत ती तारीख दहा महिन्यांपूर्वीची आहे, त्या बाईला सोमवारी कोर्टात घेऊन जा.